फोटोतला धूर आणि मालाचा रंग

कल्याणच्या आमच्या पेढीवर हल्ली निम्म्याहून अधिक ऑर्डरी मोबाइलवरचा फोटो पाहूनच येतात. कापड बोटांनी चोळून, उजेडात धरून घेणारे गिऱ्हाईक कमी झाले. म्हणून गेल्या ईदच्या सीझनला आम्ही मरून दुपट्ट्यांच्या फोटोत लोबानचा धूर घालून घेतला. धूपदानी खरी होती, पण विझलेली. धूर कॉम्प्युटरवर चढवलेला. फोटो झकास दिसला. ऑर्डर आली, आणि पंधरा दिवसांत ६० नग परतही आले. रंग फोटोप्रमाणे नाही, अशी तक्रार होती आणि ती खरी होती. जाण्यायेण्याचे भाडे आमच्या माथी बसले.

चूक शोधता शोधता ही कारागिरी आम्हाला थोडीफार कळली. ती व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

खोलीतला पंखा बंद करून काळ्या कापडासमोर अगरबत्ती लावतात. उजेड बाजूने किंवा मागून देतात आणि धुराचा वेगळा फोटो काढतात. मग फोटोशॉपमध्ये (हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले) तो फोटो मालाच्या फोटोवर थर म्हणून ठेवतात आणि थराचा प्रकार 'स्क्रीन' करतात. काळे ते नाहीसे होते, उजळ धूर तेवढा राहतो. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. पण 'स्क्रीन'चा गुण असा की खालचा रंग तो फक्त उजळ करतो, गडद कधीच करीत नाही. आमचा मरून धुराखाली राखट गुलाबी झाला तो असा.

हॉटेलवाल्यांचे काम याहून नाजूक. बिर्याणीवर अगरबत्तीचा धूर तसाच ठेवला तर ती करपल्यासारखी दिसते! अगरबत्तीचा धूर आधी दोऱ्यासारखा सरळ चढतो, मग वळसे घेतो, आणि गडद पार्श्वभूमीवर निळसर दिसतो. वाफ पांढरी, मऊ, पसरट असते आणि थोड्या उंचीवर विरून जाते. खरी वाफ तर दिसतच नाही. आपण पाहतो ते पाण्याचे बारीक थेंब. म्हणूनच उकळत्या किटलीच्या तोटीला लागून थोडी जागा मोकळी दिसते. तेव्हा वाफ हवी असेल तर थराचा निळेपणा काढावा, वळसे पुसट करावेत, थर निम्म्याहून फिका ठेवावा. ताटावरचा उजेड डावीकडून असेल तर वाफेवरचाही डावीकडूनच हवा.

कारखान्याच्या फोटोत मात्र हा शौक नको. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाले. तिथल्या माणसाला धुराचा फोटो दाखवला तर तो आधी घरी फोन लावील.

कायद्याचेही पाहावे. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, जाहिरातीत दाखवले तसे गुण मालात नसतील तर किरकोळ ग्राहकाचा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आमचे गिऱ्हाईक घाऊक होते; तरी माल आम्ही घेतलाच, नाहीतर पुढच्या सीझनला ते आमच्याकडे कशाला येईल?

आता धूर फक्त मागच्या भिंतीवर. कापडावरचा धूर पोराकडून पुसून घेतो, आणि दिवसाच्या उजेडातला एक साधा फोटो सोबत पाठवतो. त्या ६० नगांपैकी १९ अजून कपाटात आहेत.