उज्जवायु आणि घरांतील प्लॅस्टिक

आमच्या मालेगांवच्या बाजारांत हंगामाच्या दिवसांत सोयाबीन ज्या पांढऱ्या विणीच्या पोत्यांतून येतें, तीं पोतीं आणि घरोघरच्या ओटीवरील प्लॅस्टिकची खुर्ची हीं बहुधा एकाच द्रव्याचीं असतात, असें सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. त्या द्रव्याचें नांव पॉलिप्रॉपिलीन. त्याची एकदां चिवट पट्टी निघावी व एकदां तेंच वितळून सांच्याच्या कानाकोपऱ्यांत सहज पसरावें, हा भेद मुख्यत्वें घडवितो तो थोडासा हायड्रोजन. जुन्या मराठी पुस्तकांत त्यास उज्जवायु म्हणत. (उज्ज म्हणजे पाण्यापासून जन्मलेला; पाश्चात्त्य नांवाचा अर्थ मात्र पाण्याचा जनक! नामकरणांत पितापुत्रांची अशी अदलाबदल क्वचितच झाली असेल.)

आपल्या महाराष्ट्रांत रायगड जिल्ह्यांतील नागोठणें येथें इंडियन पेट्रोकेमिकल्स कंपनीनें अशा प्लॅस्टिकांचा मोठा कारखाना उभारला. २००७ सालीं ती कंपनी रिलायन्समध्यें विलीन झाली. प्रॉपिलीन हा मुळांत वायु. त्याचे रेणु ओंवून लांब माळ करण्याचें काम उत्प्रेरकाचें. जर्मनींत कार्ल झीग्लर यांनीं १९५३ सालीं व इटलींत जूलिओ नात्ता यांनीं १९५४ सालीं ही वाट दाखविली. १९६३ चें नोबेल पारितोषिक उभयतांस विभागून मिळालें. हल्लीं मॅग्नेशियम क्लोराइडच्या कणांवर टिटॅनियम क्लोराइड बसवून ॲल्युमिनियमच्या एका संयुगानें तें जागृत करतात. नवा रेणु माळेच्या मोकळ्या टोंकास लागत नाहीं. तो टिटॅनियम व माळ यांच्यामध्यें शिरतो. केस जसा शेंड्याशीं न वाढतां मुळाशीं वाढतो, तशीच ही माळ.

हायड्रोजन येतो तो नेमका त्या मुळावर. त्याचा एक परमाणु माळेच्या टोंकास चिकटून तिला सोडवितो, दुसरा टिटॅनियमवर बसतो व तेथूनच नवी माळ सुरू होते. म्हणजे उत्प्रेरक मरत नाहीं; माळा मात्र आंखूड होतात. याची परीक्षा सोपी आहे. २३० अंशांवर वितळलेलें पॉलिप्रॉपिलीन २.१६ किलोच्या भाराखालीं बारीक छिद्रांतून दहा मिनिटांत किती ग्रॅम उतरतें, तें पाहतात. पोत्याच्या पट्टीस हा आंकडा ३ च्या आसपास लागतो. सांच्यांतील मालास १० किंवा त्याहूनहि अधिक चालतो. सांच्याचा माल चुकून पट्टीस लावला, तर ओढतांना ती वारंवार तुटते, व तशीच विणली तर भरलें पोतें उसवून शेतकऱ्याचें धान्य रस्त्यावर सांडतें.

खरी मौज पुढेंच आहे. प्रॉपिलीनच्या रेणूस एक शेंडी असते. क्वचित् एखादा रेणु उलटा शिरतो, शेंडीची बाजू टिटॅनियमला भिडते, पुढच्यांची वाट अडते व तें स्थान निजल्यासारखें होतें. चिमुकला हायड्रोजन तेथेंहि शिरकाव करून घेतो, ती अडलेली माळ सोडवितो, आणि स्थान पुन्हां कामास लागतें. माळा तोडणाऱ्या या वायूमुळें उत्पादन उलट वाढतें तें असें! एथिलीनला शेंडी नाहीं. तेथें हायड्रोजन घालतांच कामाचा वेग सामान्यतः मंदावतो. एकच औषध दोघां भावंडांस असें भिन्न लागू पडतें. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालीं उघडली. २००२ ते २०१० या काळांत तिचे संचालक असलेले डॉ. शिवराम यांनीं या जातीच्या उत्प्रेरकांचा विशेष अभ्यास केला आहे.

आतां गच्चीवर वर्षभर पडलेल्या पोत्याचा हात लावतांच भुगा होतो, त्याचा दोष मात्र कोणीं हायड्रोजनच्या माथीं मारूं नये. तें काम उन्हाचें; त्यावर उपाय म्हणून पट्टी काढतांनाच तींत ऊन सोसण्याचें निराळें द्रव्य मिसळावें लागतें.