पिलें किती? मोठ्या जातीच्या कुत्रीचें बाळंतपण

संस्कृतांत कुत्र्यास 'सारमेय' असें एक नांव आहे. देवांची कुत्री जी सरमा, तिची संतति तो सारमेय, ही व्युत्पत्ति आम्हीं शाळेंतील मुलांस तीस वर्षें सांगितली. परंतु घरचीच सरमा विण्याची वेळ आली, तेव्हां या विषयांत आपलें ज्ञान व्युत्पत्तीपलीकडे गेलेलें नाहीं, हें आम्हांस फार महागांत पडून कळलें. मोठ्या जातीची कुत्री बाळगणाऱ्या कुटुंबांस तरी त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव येथें देत आहों.

आमच्या नातवाची एक जर्मन शेफर्ड जातीची कुत्री आहे. जुनीं माणसें या जातीस अल्सेशियन म्हणतात. ती गाभण असल्याचें कळतांच घरांतील स्त्रियांनीं तिचें कोडकौतुक आरंभिलें. वडील वहिनींनीं तर दूध, तूप आणि चुन्याची निवळी असा बेत ठरविला. पशुवैद्यांनीं तो ऐकून स्पष्ट मनाई केली. पहिले पांच-सहा आठवडे नेहमींचाच आहार पुरे; पिलें खरीं वाढतात तीं शेवटच्या तीन आठवड्यांत. तेव्हां आहार हळूहळू वाढवावा व तो थोडाथोडा, पुष्कळ वेळां द्यावा. चुना मात्र मुळींच नको. गाभणपणीं चुना वरून मिळत गेला, म्हणजे स्वतःच्या हाडांतून तो काढून घेण्याची शरीराची संवय मोडते. आणि दूध सुरू होतांच रक्तांतील चुना एकदम घटून कुत्रीस आंचके येण्याचा संभव असतो. स्त्रियांस जें हितकर, तें कुत्रीसही हितकर असतेंच असें नाहीं, हा आमचा पहिला धडा.

दुसरा धडा दिवसांचा. कुत्रीचा गर्भकाल सुमारें ६३ दिवसांचा. परंतु नराचें बीज तिच्या शरीरांत कित्येक दिवस जिवंत राहतें, त्यामुळें संयोगाच्या दिवसापासून मोजल्यास ५७ पासून ७२ पर्यंत कोणताही दिवस येऊं शकतो. म्हणून केवळ पंचांगावर विसंबूं नये. शेवटच्या आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ उष्णतामापक लावून पाहावें. कुत्रीची उष्णता एरवीं १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ती ९९ च्या खालीं उतरली, कीं बहुधा एका दिवसाच्या आंत ती विते.

आतां मुख्य प्रश्न संख्येचा. नॉर्वे देशांत २२४ जातींच्या १०,८१० वेतांची पाहणी होऊन ती २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एका वेतास सरासरी ५.४ पिलें आढळलीं. अगदीं चिमुकल्या जातींत ३.५, तर अजस्र जातींत ७.१. कारण उघड आहे. लहान कुत्रीचें पिलूं आईच्या मानानें बरेंच मोठें असतें; मोठ्या कुत्रीचें पिलूं आईच्या वजनाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास भरतें, त्यामुळें तिच्या उदरांत अधिक पिलें मावतात. इंग्लंडांत २००४ सालीं नीपॉलिटन मॅस्टिफ जातीच्या एका कुत्रीस एकाच वेतांत २४ पिलें झालीं, हा विक्रम नोंदलेला आहे. सरासरी ही अशी वस्तु आहे, कीं ती सर्वांस लागू पडते आणि कोणा एकीस पडेलच असें नाहीं. आपल्या कुत्रीचा आंकडा जाणण्याचा खात्रीचा उपाय एकच. ५५ व्या दिवसानंतर पिलांचीं हाडें स्पष्ट दिसूं लागतात. तेव्हां क्ष-किरणांचें चित्र घेऊन मस्तकें व पाठीचे कणे मोजावे. सोनोग्राफीनें पिलें जिवंत आहेत हें समजतें, परंतु संख्या नीट समजत नाहीं.

पशुवैद्यांनीं हें चित्र घेण्यास सांगितलें होतें. नातूही आग्रह धरून बसला होता. "आमच्या लहानपणीं आळींतल्या कुत्र्या काय चित्रें काढून वीत होत्या?" असें म्हणून आम्हींच तो खर्च वांचविला.

बासष्टाव्या दिवशीं रात्रीं नऊ वाजतां पहिलें पिलूं आलें. दोन वाजेपर्यंत सात झालीं. कुत्री शांत पडली, पिलें दूध पिऊं लागलीं. आतां घरांत सोयर धरावयाचें कीं काय, असा विनोदही झाला. सात हा आंकडा आम्हांस पुरेसा वाटला व आम्हीं सर्वांस निजावयास पाठविलें. दोन पिलांच्या मध्यें कुत्री स्वस्थ पडून विश्रांति घेते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पहांटे पाहतों तों ती धापा टाकीत कळा देत होती, आणि कांहींच बाहेर येत नव्हतें. तिला गाडींत घालून दवाखान्यांत नेलें. तेथें जें चित्र घेतलें, त्यांत आणखी दोन पिलें दिसलीं. एक आडवें येऊन अडकलेलें, दुसरें त्याच्यामागें. शस्त्रक्रिया करावी लागली. अडकलेलें पिलूं मेलेलें निघालें. मागचें मोठ्या प्रयासानें वांचलें. कुत्रीही वांचली, परंतु दोन दिवस तिची आशा नव्हती.

म्हणून वाचकांस विनंती, कीं पुढील खुणा पाठ कराव्या. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलूं आलें नाहीं, किंवा पिलें पोटांत असतां दोन तासांहून अधिक काळ गेला, किंवा पहिल्या पिलापूर्वींच हिरवट-काळा स्राव दिसला, तर तत्काळ पशुवैद्यांकडे जावें. पिलें फार असल्यास गर्भाशय थकून कळा थांबतात. एखाददुसरेंच असल्यास तें मोठें वाढून अडतें. दोन्हींकडे धोका आहेच. विण्याच्या पेटीस आंतून चोहों बाजूंनीं कठडा ठोकावा, म्हणजे जड अंगाची आई भिंतीकडे रेलली तरी पिलूं चिरडत नाहीं. पहिले दोन आठवडे पिलांस स्वतःची ऊब राखतां येत नाहीं, ती आपण पुरवावी. आणि पहिल्याच दिवशीं प्रत्येक पिलास आईचा चीक मिळाला कीं नाहीं तें पाहावें. इतकें करूनही कांहीं दगावतात. वर सांगितलेल्या नॉर्वेंतील वेतांतच जन्मतां किंवा पहिल्या आठवड्यांत शेंकडा ८ पिलें गेलीं. आणि जीं जगतील त्यांना चांगलीं घरें मिळतील काय, याचा विचार कुत्रीस नर दाखविण्यापूर्वीं करावा, मागाहून नव्हे.

आमचीं आठही पिलें आतां चांगल्या घरीं आहेत. नातवानें आम्हांस एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. नववें पिलूं परसांत पुरून आल्यावर तो एवढेंच म्हणाला, "आजोबा, तुम्हीच ना सांगतां, गणित सुटलें तरी ताळा पाहावा म्हणून?" सबंध आयुष्य मुलांस सांगितलेली ती गोष्ट त्या एका रात्रीं आम्हीं स्वतः केली नाहीं. वाचकांनीं ती करावी, एवढ्यासाठींच हा लेख.