हंस तारकासमूहातील जागते कृष्णविवर

तारे म्हटले की स्थैर्य आठवते. अढळपदासाठी आपण ध्रुवाकडेच बोट दाखवितो. परंतु काही ताऱ्यांची तऱ्हाच निराळी. वर्षानुवर्षे ते निद्रिस्त असतात आणि एकाएकी क्ष-किरणांचा वर्षाव करू लागतात. हंस तारकासमूहातील ‘व्ही ४०४’ हा त्यांपैकीच एक.

खरे पाहता हा एकटा तारा नव्हे, ही जोडी आहे. एक सामान्य तारा आणि सूर्याच्या सुमारे ९ पट वस्तुमानाचे कृष्णविवर साडेसहा दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पुरी करतात. ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो; पण तो थेट आत न पडता भोवती चकतीसारखा फिरत साचतो. साचता साचता चकती तापते, तिच्यातील हायड्रोजनचे अणू फुटून विद्युत्भारित होतात, घर्षण वाढते आणि अनेक वर्षांची शिल्लक काही आठवड्यांत आत कोसळू लागते. हाच उद्रेक.

१९३८ साली हा तारा उजळला, तेव्हा ज्योतिर्विदांनी त्याची गणना नवताऱ्यांत केली. दोष त्यांचा नव्हे. त्यांच्यापाशी दृश्य प्रकाश पाहणारा डोळा तेवढा होता. क्ष-किरण तर आपले वातावरणच अडविते. १९८९ मध्ये जपानच्या ‘गिंगा’ उपग्रहाने ते किरण टिपले, आणि १९९२ मध्ये ताऱ्याच्या गतीवरून त्याच्या अदृश्य सोबत्याचे वजन निघाले.

पुढला उद्रेक १५ जून २०१५ रोजी, २६ वर्षांनी झाला. ‘स्विफ्ट’ उपग्रहाने वर्दी देताच पृथ्वीवरील व अवकाशातील दुर्बिणी तिकडे वळल्या. चकतीचा अंतर्भाग क्ष-किरणांत, बाहेरचा भाग दृश्य प्रकाशात, तर ध्रुवांकडून सुटणारे झोत मुख्यतः रेडिओलहरींत दिसतात. म्हणून एकाच वेळी सर्वांनी पाहणे अगत्याचे. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला, यावरून ती किती दूर पडली हे आपण ताडतोच ना? तसेच येथे झाले. क्ष-किरणांच्या लखलखाटामागून दृश्य प्रकाशाची चमक सुमारे ०.१ सेकंदाने आली. त्यावरून झोत कृष्णविवरापासून सुमारे ३०,००० किलोमीटरांवर उजळतो, असे अनुमान निघाले. दोघांपैकी एकच निरीक्षण असते, तर हा हिशेब मांडताच आला नसता.

या कामात मोठ्या वेधशाळांबरोबर हौशी निरीक्षकही होते. २० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतूनही ती लुकलुक मोजता येण्याजोगी होती. उद्रेक कोणासाठी थांबत नाही. ज्याची दुर्बीण सज्ज आणि रात्र निरभ्र, त्याच्याच वाट्याला तो येतो.