कुत्र्याचा डोळा काढल्यावर

पाळलेल्या कुत्र्याचा एक डोळा काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घरातली माणसे आधी हबकतात आणि मग विचारतात, “हा आता जगणार कसा?” आम्ही अंबरनाथला राहतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर घरात पाळलेली कुत्रीही वाढली. त्यामुळे हा प्रश्न अधूनमधून आमच्याही कानांवर येतो. काही घरांत शस्त्रक्रिया नको म्हणून नुसते थेंब घालत महिने काढले जातात. काही ठिकाणी “असे जगण्यापेक्षा इंजेक्शन देऊन मोकळे करा” इथपर्यंत बोलणे जाते. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच, की डोळा गेला म्हणजे कुत्र्याचे अर्धे जग गेले. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यापायी कुत्र्याला जे सोसावे लागते ते डोळा जाण्यापेक्षा पुष्कळदा वाईट असते.

डोळा काढण्याचे एक मोठे कारण म्हणजे काचबिंदू. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि तितकाच सतत बाहेर झिरपून जातो. झिरपण्याची वाट अडली की आतला दाब वाढतो. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यात हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटर इतका असतो. काचबिंदूत तो ४०-५० च्याही पुढे जातो. असा दाब एकाएकी वाढला तर एकदोन दिवसांतच दृष्टिपटल आणि दृष्टिचेता कायमच्या निकामी होऊ शकतात. पण दृष्टी गेली तरी दाब जात नाही, आणि दाब आहे तोवर वेदना असते. ज्या माणसांना तीव्र काचबिंदू होतो ती डोके फुटेल अशी वेदना होते म्हणून सांगतात, त्यांना उलट्याही होतात. कुत्रा सांगत नाही. तो विव्हळतही नाही. जास्त झोपतो, खेळायला येत नाही, डोक्यावरून हात फिरवू देत नाही. घरचे म्हणतात, “आता वय झाले त्याचे.” डोळा काढल्यावर आठवड्याभरात हाच कुत्रा पुन्हा चेंडू घेऊन येऊ लागतो, तेव्हा वय झाले नव्हते हे कळते.

याखेरीज अपघातात फुटलेला डोळा, पारपटलाला पडलेली आणि आरपार गेलेली जखम, डोळ्यातली गाठ ही कारणे आहेत. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे आणखी एक आहे. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग घराघरांत ओळखीचा झाला. पग, शित्झू, पेकिनीज यांच्या डोळ्यांच्या खोबण्या इतक्या उथळ असतात की भांडणात किंवा मानेचे कातडे धरून जोरात उचलले तरी डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. असे झाल्यास तो हाताने आत ढकलू नये. सलाइनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवलेले फडके वर धरून, कुत्र्याला खाजवू न देता, लगेच दवाखाना गाठावा. लवकर पोचल्यास डोळा वाचण्याची थोडीफार आशा असते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. नेत्रगोलाबरोबर तिसरी पापणी (कुत्र्याला ती असते), पापण्यांच्या आतले अस्तर आणि पापण्यांच्या कडाही काढतात आणि मग वरची व खालची पापणी एकमेकींना शिवून टाकतात. एवढे सगळे कशाला, असे वाटेल. पण पाझरणाऱ्या पेशी आत राहिल्या तर बंद खोबणीत द्रव साठून काही आठवड्यांनी तिथे फुगवटा येतो. डोळा बाहेर घेताना शल्यचिकित्सक तो फार ओढत नाहीत, याला दोन कारणे आहेत. डोळ्यावर ताण पडला की हृदयाचे ठोके मंदावतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया अ‍ॅश्नर आणि दानिनी या दोघांनी १९०८ साली वर्णन केली. दुसरे कारण असे की दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि त्यांतले बरेच तंतू तिथे बाजू बदलतात. माणसात सुमारे निम्मे, तर कुत्र्यात सुमारे तीन चतुर्थांश. एका चेतेला हिसका बसला तर या चौकात दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या तंतूंनाही इजा होऊ शकते. मांजरात हा धोका विशेष असतो.

आता मूळ प्रश्न. एका डोळ्याने काय जाते?

बहुतेकांच्या मनात पहिले उत्तर येते ते अंतराच्या अंदाजाचे. दोन डोळ्यांत पडणाऱ्या किंचित वेगळ्या प्रतिमांवरून मेंदू खोली ओळखतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिले. वर्गात हे सहज करून पाहता येते. एकाने टोपण काढलेले पेन उभे धरावे. समोरच्याने एक डोळा मिटून, हात लांब करून, बाजूने टोपण आणून त्यावर बसवावे. पहिले दोनचार प्रयत्न बहुधा चुकतात. मग त्याच मुलाला डोके डावीउजवीकडे हलवत तेच करायला सांगावे. नेम पुष्कळ सुधारतो. डोके हलले की जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा जास्त सरकताना दिसते आणि त्यावरून मेंदू अंतर काढतो. याला पराशय म्हणतात. आगगाडीच्या खिडकीतून जवळचे खांब झरझर मागे पळतात आणि दूरचा डोंगर जागीच राहतो, तोच हा प्रकार. बदलापूर सोडून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसून तो मुलांना छान दाखवता येईल. याशिवाय एक वस्तू दुसरीच्या आड येणे, ओळखीच्या वस्तूचा आकार, सावल्या, या साऱ्यांचा उपयोग होतोच. मन्सूर अली खान पतौडी यांची उजव्या डोळ्याची दृष्टी १९६१ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात जवळजवळ गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पहिला कसोटी सामना खेळले, १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले आणि १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा केल्या. वेगाने येणारा चेंडू एका डोळ्याने जोखता येतो तर सोफ्याची उंची का येऊ नये?

कुत्र्याचे खरे नुकसान दुसरीकडे आहे, आणि ते समजायला थोडे गणित लागते. कुत्र्याचे डोळे आपल्यापेक्षा बाजूला वळलेले असतात. त्याला एका वेळी सुमारे २४० अंशांचा परिसर दिसतो; आपल्याला साधारण १९०. पण दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा समोरचा भाग कुत्र्यात ३० ते ६० अंश, तर आपल्यात सुमारे १२० अंश असतो. (जातीनुसार हे आकडे बदलतात.) आता एका डोळ्याला किती दिसते, हे मुलांना काढायला सांगावे. एकूण क्षेत्र आणि सामाईक क्षेत्र यांची बेरीज करून निम्मे करायचे. माणसाला १५५ अंश मिळतात, कुत्र्याला १३५ ते १५०. म्हणजे एक डोळा गेल्यास माणूस एका बाजूचे ३५ अंश गमावतो, तर कुत्रा ९० ते १०५. समोरचे दोन डोळ्यांनी पाहणे हा कुत्र्याच्या दृष्टीचा लहान भाग होता, तो गेल्याने फारसे बिघडत नाही. जाते ती एक पूर्ण बाजू. तीही मान वळवून भरून काढता येते, आणि एक डोळ्याचे कुत्रे काही आठवड्यांत मान त्या बाजूला जास्त वळवायला शिकतात. वास, कान आणि मिशांचे राठ केस जागच्या जागी असतातच. जो डोळा आधीच काही महिने आंधळा होता तो काढला, तर शिकण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. तो कुत्रा केव्हाच शिकून चुकलेला असतो. अपघातात एका दिवसात डोळा गेलेल्याला मात्र वेळ लागतो.

या गणितावरून शुश्रूषेच्या पुष्कळ गोष्टी आपोआप निघतात. गेलेल्या बाजूने मुकाट्याने जाऊन हात लावू नये. आधी नाव घ्यावे. झोपेत त्या बाजूने दचकवलेला गरीब कुत्राही चावू शकतो, आणि घरातल्या लहान मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. फिरायला नेताना आपण त्याच्या गेलेल्या बाजूला चालावे, म्हणजे रिक्षा आणि मोटारसायकली यांच्या आणि त्याच्यामध्ये आपण असतो. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या अरुंद गल्ल्यांत हे फार महत्त्वाचे आहे. तिथली घरे १९४७ नंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या लष्करी बराकींतून वाढत गेली, आणि दार उघडले की पाऊल थेट रस्त्यावर पडते. पाण्याचे भांडे, अंथरूण, खुर्च्या महिनाभर हलवू नयेत. जिन्यावरून पहिले काही दिवस उचलून किंवा पट्टा धरून न्यावे. घरात दुसरा कुत्रा असेल तर टाके निघेपर्यंत दोघांना एकटे सोडू नये, कारण प्रेमाने चाटूनही टाके सुटतात.

पहिल्या दोनतीन दिवसांत घाबरवणाऱ्या पण बहुधा साध्या गोष्टी घडतात. शिवलेल्या जागेभोवती सूज येते, निळसर डाग पडतात. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाण्याचे थेंब येतात. अश्रू वाहून नेणारी नळी नाकात उघडते, त्या वाटेने खोबणीतला द्रव खाली उतरतो. भुलीच्या अमलात पहिल्या रात्री कुत्रा कण्हतो, भेलकांडतो. डॉक्टरांनी सांगितल्यास फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाचदहा मिनिटे धरावा. मात्र रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, टाका सुटला असेल किंवा दुसऱ्या दिवशीही कुत्रा अन्नाला तोंड लावत नसेल, तर वाट पाहू नये.

नरसाळ्यासारखी कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, रात्रंदिवस ठेवायची असते. जुन्या क्ष-किरण फिल्मची कडा चिकटपट्टीने मऊ करून ती घरीही करता येते. कड नाकाच्या पुढे गेली पाहिजे. “बिचाऱ्याला त्रास होतो” म्हणून ती रात्री काढून ठेवतात आणि टाके नेमके रात्रीच ओरबाडले जातात. या कॉलरने उरलेल्या डोळ्याचीही बाजू झाकली जाते, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या आठवड्यात कुत्रा दारांवर आपटतो त्यातला बराच दोष कॉलरचा असतो.

औषधाबद्दल एक सांगितलेच पाहिजे. घरातल्या डब्यातली माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नयेत. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात; पॅरासिटामॉल यकृताला बाधते आणि मांजराला तर मारते. (गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मरतात हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. एका औषधाचा परिणाम प्राण्याप्राण्यांत किती वेगळा, याचे इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात असायला हवे.) डॉक्टरांनी दिलेल्या औषधानेही उलट्या झाल्या किंवा शौच काळी झाली तर पुढची गोळी न देता त्यांना कळवावे.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ अशा जखमांना वाईट. हवा दमट, माशा भरपूर. आपल्या देशात क्रिसोमिया बेझियाना नावाची माशी आहे, ती जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला अंडी घालते. एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडून मांसात शिरतात. “किडे पडले” म्हणतात ते हेच. खोबणीच्या जागी ते पडणे फार घातक. म्हणून कुत्रा घरात, जाळीच्या खिडकीआड ठेवावा, जखम दिवसातून दोनदा उजेडात पाहावी, वालधुनीसारख्या सांडपाण्याच्या प्रवाहात त्याला जाऊ देऊ नये. हळद, चुना, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बाबतीत खरी अडचण शस्त्रक्रियेची नसून या चौदा दिवसांची असते. टाके असताना त्याला गल्लीत सोडणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे. कुणाचे तरी अंगण, बंद गॅलरी, एखाद्या संस्थेचा पिंजरा आधी ठरवून मगच शस्त्रक्रियेला न्यावे. बरा झाल्यावर ओळखीच्या गल्लीत तो अनोळखी जागेपेक्षा जास्त सुरक्षित असतो. त्याला हाताळणाऱ्याने जाड फडके आणि तोंडाला पट्टी वापरावी. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी.

टाके निघाल्यावर केस वाढतात आणि दोन महिन्यांत ती जागा नुसती मिटलेल्या डोळ्यासारखी दिसते. त्यानंतर लक्ष द्यायचे ते उरलेल्या डोळ्याकडे. काचबिंदू आनुवंशिक प्रकारचा असेल तर तो बहुधा दुसऱ्या डोळ्यातही येतो. थेंब वेळेवर सुरू केल्यास तो बराच लांबवता येतो, म्हणून दर तीनचार महिन्यांनी दाब मोजून घ्यावा लागतो. कारण नेमके कोणते होते हे काढलेला डोळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर कळते. हे काम पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागात होते. आमच्या भागाला जवळचे महाविद्यालय परळचे, १८८६ साली सुरू झालेले. बदलापूरहून रेल्वेने साठेक किलोमीटर. पण डोळा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तपासणीला पाठवायचा आहे, हे शस्त्रक्रियेच्या आधी सांगावे लागते. नंतर आठवण झाली तर तो दवाखान्याच्या कचऱ्यातून केव्हाच गेलेला असतो.