यंत्राचे दार कोणते?



संगणकातून जी माहिती येते-जाते, ती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने जाते, हे आता शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. या पुडक्यांस पॅकेट म्हणतात. ती टिपून डोळ्यांपुढे मांडणाऱ्या प्रोग्रॅमांत वायरशार्क विशेष प्रसिद्ध आहे. जेराल्ड कोम्ब्ज यांनी १९९८ साली तो इथरियल या नावाने बाहेर आणला. २००६ पासून त्यास हल्लीचे नाव मिळाले. तो विनामूल्य मिळतो. आज मी त्याच्या केवळ पहिल्या पायरीविषयी बोलणार आहे. कारण त्याच पायरीवर मी सपशेल घसरलो.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराचे पाणी महाडात शिरले, त्यात आमच्या खालच्या मजल्यावरील संगणक गेला. पुढे नवा घेतला तो माडीवर ठेवला. राउटर जिन्याच्या तोंडाशी, आणि तेथून वायफाय. गेल्या पावसाळ्यात नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपावयाची, आणि संध्याकाळपासून एकही पान उघडेना. मी मोठ्या ऐटीत वायरशार्क सुरू केला. समोर नऊ नावांची यादी आली. त्यांत ‘लोकल एरिया कनेक्शन’ हे नाव मला घरगुती व भरवशाचे वाटले. तेच निवडले. पाच मिनिटे पडदा कोरा! लाइन मेली, असा निकाल देऊन मी जोडणी देणाऱ्या तरुणास दूरध्वनीवर नको तितके बोललो. तो बिचारा भिजत आला, आणि त्याने आपल्या फोनवर आमच्याच वायफायवरून पाने उघडून दाखविली.

माझी चूक अशी. पोलादपूरहून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढतो, दुसरा कशेडी घाटाने खेडकडे जातो. महाबळेश्वरच्या मोटारी मोजावयाच्या आणि बसावयाचे कशेडीच्या वाटेवर, तर वही कोरीच राहावयाची. संगणकाच्या अशा प्रत्येक वाटेस अडॅप्टर म्हणतात. तारेचे एक, वायफायचे एक, ब्लूटूथचे एक, ही खरी दारे. शिवाय विंडोज स्वतःच्या सोयीसाठी काही काल्पनिक दारे निर्माण करते. नावापुढे फुलीसारखे चिन्ह व आकडा असलेली ‘लोकल एरिया’ मंडळी पुष्कळदा त्यांतलीच. ‘लूपबॅक’ हे दार तर यंत्राने स्वतःशीच बोलण्याचे. आणि व्हीपीएन चालू असेल, तर एकच मजकूर दोन दारांवर दिसतो : त्याच्या काल्पनिक दारावर व्हीपीएनच्या वेष्टनाबाहेर, आणि खऱ्या दारावर त्या वेष्टनात कुलूपबंद.

मग खरे दार ओळखावे कसे? यादीत प्रत्येक नावाशेजारी एक बारीक रेषा असते. जेथे वाहतूक आहे तेथे ती नाडीसारखी उडते. जेथे नाही तेथे सपाट पडून राहते. मी ती पाहिली होती, पण शोभेची समजलो! रेषेवर समाधान नसेल तर आयपीकॉन्फिग ही आज्ञा ‘ऑल’ जोडून द्यावी. ती प्रत्येक अडॅप्टरचे वर्णन, आयपी पत्ता व बारा आकडी-अक्षरी भौतिक पत्ता सांगते. वायरशार्कच्या यादीतील नावावर माउसचा बाण टेकविला की तेथेही आयपी पत्ते दिसतात. दोन्ही जुळले की ओळख पटली. भौतिक पत्त्याची पहिली सहा चिन्हे सामान्यतः कारखानदाराची ओळख असतात. परंतु दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्याचा नव्हे, यंत्राने अगर वापरणाऱ्याने ठरविलेला समजावा. अलीकडचे फोन असेच पत्ते धारण करतात, म्हणून या खुणेवर फार विसंबू नये. मला स्वतःला साधा उपाय आवडतो : राउटरच्या क्रमांकास पिंग करावे आणि कोणत्या दारावर ‘आयसीएमपी’ची पुडकी उमटतात ते पाहावे.

हे सर्व आपल्याच यंत्रावर, किंवा मालकाच्या परवानगीने करावे. दुसऱ्याची पत्रे चोरून वाचण्याहून ते वेगळे नाही.

त्या रात्री योग्य दारावर बसताच उलगडा झाला. नावावरून पत्ता विचारणारे डीएनएसचे प्रश्न एकामागून एक बाहेर जात होते. उत्तर एकाचेही येत नव्हते. त्याच दुपारी, वेग वाढतो असे कोठेसे वाचून, मी डीएनएसचा क्रमांक हाताने बदलला होता, आणि त्यात एक अंक चुकला होता. तो सुधारला. अर्ज पावणेअकराला गेला. त्या तरुणाची मी सकाळी क्षमा मागितली.

वायरशार्कच्या ‘मॅनेज इंटरफेसेस’ या खिडकीत नको असलेली नावे लपविता येतात, व प्रत्येकापुढे टीपही लिहिता येते. आमच्या यादीत आता दोनच नावे दिसतात. त्यांतल्या एकापुढे नातीने लिहिले आहे : ‘आजोबा, हे.’