वेबसाइटवरचे दरपत्रक कागदावर नीट कसे उतरेल?

दुकानाची वेबसाइट पडद्यावर कितीही झकास दिसो, शाळा किंवा कार्यालयाला माल द्यायचा असला की दरपत्रक पुष्कळदा कागदावरच मागतात. खरी फजिती तेथे होते. परभणीत जिंतूर रोडला आपले फर्निचरचे दुकान आहे असे धरा. साहेबांनी कपाटांचे पान छापले. पहिल्या कागदावर मेनूची पट्टी व बटणे, दरांचा तक्ता दोन कागदांत तुटलेला आणि कपाटाचा फोटो गायब! अशा वेळी शेजारच्या दुकानदाराचा साधा टाइप केलेला कागद बाजी मारतो.

यावर इलाज स्टाइलशीटचा, म्हणजे सीएसएसचा. पानाचे रूप कसे असावे याच्या सूचना तीत मजकुरापासून वेगळ्या लिहितात. हाकोन विउम ली यांनी ही कल्पना १९९४ साली मांडली. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पडदा व कागद यांसाठी वेगळे नियम देण्याची सोय झाली. शिंपीकाम करणाऱ्या बांधवांना सांगायचे तर कापड एकच, बेत दोन.

‘मीडिया प्रिंट’खाली लिहिलेले नियम फक्त छपाईच्या वेळी लागू होतात. तेथे मेनूला ‘डिस्प्ले नन’ दिले की तो कागदावर येत नाही. तक्त्याच्या ओळीला ‘ब्रेक इनसाइड अव्हॉइड’ दिल्यास ती सहसा मधोमध तुटत नाही. उलट दुकानाचा पत्ता व जीएसटी क्रमांक पडद्यावर लपवून फक्त कागदावरही आणता येतो. (हे शब्द संगणकात अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकावे लागतात.)

आता फोटोचे. कपाट, पलंग, खुर्ची अशा प्रत्येक विभागाच्या पानाला वेगळे ‘क्लास’ नाव देऊन स्टाइलशीटमधून त्या त्या विभागाचे चित्र पार्श्वभूमीला लावता येते. पान सजते, पण शाई वाचावी म्हणून ब्राउझर छापताना पार्श्वभूमी बहुधा गाळतो. ‘प्रिंट कलर अ‍ॅडजस्ट एक्झॅक्ट’ लिहून ती छापण्याची विनंती करता येते. मात्र तिच्यावर विसंबू नये असे आमचे मत आहे. सजावट पार्श्वभूमीत ठेवावी. विकायच्या मालाचा फोटो मात्र पानाच्या मजकुरातच, ‘इमेज’ टॅगने घालावा.

वेबसाइट करून देणाऱ्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी कंट्रोल व पी ही बटणे एकत्र दाबून छपाईचा नमुना पाहावा, आणि एक प्रत काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढावी. फिकट पिवळ्या अक्षरांतले दर त्यात वाचताच येत नाहीत.