रॉकीजमधला शिट्टीबाज

सप्टेंबर आला की कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कचे ‘बुल’ माजावर येतात आणि शिकारी मंडळी त्यांच्या मागावर निघतात. बंदूक घरी ठेवून! या ‘स्काउटिंग’चा हा लाइव्ह रिपोर्ट...

गंजलेल्या बिजागरीची करकर, रेफ्रीची शिट्टी आणि शेवटी दोन-चार दणदणीत ढेकरा. हे सगळं एका दमात ऐकलंय कधी? नसेल, तर तुम्ही एल्कचं ‘ब्यूगल’ ऐकलेलं नाही! ३०० किलोंच्या आसपास वजन, डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं, आणि आवाज हा असा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चक्क हसू आलं. दुसऱ्यांदा मात्र अंगावर काटा आला. कारण आवाज जवळ येत होता.

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं थोराड हरीण. नराला तिकडे ‘बुल’ म्हणतात, मादीला ‘काउ’. सप्टेंबरच्या मध्यापासून साधारण महिनाभर त्यांचा मिलनाचा हंगाम, म्हणजेच ‘रट’. एरवी दाट झाडीत गुपचूप असणारा बुल या दिवसांत ओरडून ओरडून स्वतःचा पत्ता जाहीर करतो. माद्यांचा घोळका जमवायचा, दुसरा बुल आला की हाकलायचा, सटकणारी मादी वळवून आणायची... खायलाही फुरसत नाही. हंगाम संपेपर्यंत महाशय पार खंगतात. (अप्रेझलच्या महिन्यातले टीम लीडर आठवले? मलाही!)

आधी बघ, मग भांड

डेन्व्हरला आयटीत असलेला माझा मावसभाऊ गेली काही वर्षं शिकारीला जातो. ही बातमी पुण्यात पोचली तेव्हा मावशीनं आठवडाभर त्याचा फोन घेतला नव्हता. साहजिकच आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून शिकार म्हटलं की गुन्हा, कोर्ट आणि हेडलाइन! मीही भांडायच्या तयारीनंच गेले होते. दादा म्हणाला, ‘‘आधी स्काउटिंग बघ. मग भांड.’’

तिथे उठलं आणि गोळी घातली असं चालत नाही. हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. दादाला हवा होता तो ऑक्टोबरमधला पहिला रायफल सीझन. तो फक्त पाच दिवसांचा, फक्त एल्कसाठी, आणि त्याचं लायसन्स लॉटरीत निघावं लागतं. एका लायसन्सवर एकच एल्क. बऱ्याच भागांत बुलच्या एका शिंगाला किमान चार टोकं हवीत किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं हवं, नाहीतर तो मारणं बेकायदा. खाण्याजोगं मांस वाया घालवणं हाही गुन्हा. आणि ड्रोन उडवून एल्क शोधायचा विचार करत असाल तर विसरा, त्यालाही बंदी आहे.

म्हणजे उरतात दोन पाय, दोन डोळे आणि एक दुर्बीण.

डिओला सुट्टी

आदल्या रात्री दादाची पहिली ऑर्डर सुटली, ‘‘उद्या डिओ नाही, परफ्यूम नाही.’’ एल्कचं नाक भलतंच तिखट असतं. पहाटे साडेचारला हेडलॅम्प लावून आम्ही चढायला लागलो. उंची दहा हजार फुटांच्या आसपास. जिममध्ये ट्रेडमिल गाजवणारी मी दर वीस पावलांना थांबत होते. जागेचं नाव मात्र सांगणार नाही. तसं वचन घेतलंय! शिकारी माणूस बँकेचा पिन सांगेल, पण स्पॉट सांगणार नाही.

दादाच्या खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली होती. मध्येच थांबून तो चिमूटभर पावडर हवेत उडवायचा. सूर्य उगवायच्या आधी डोंगरावरची थंड हवा खाली घसरत असते. उतारावर ऊन पडलं की तीच हवा तापून वर चढायला लागते. संध्याकाळी परत उलटं. हे गणित चुकलं की आपला वास थेट बुलच्या नाकात, आणि अख्खा कळप गायब!

वाटेत खुणा दिसायला लागल्या. शिंगं घासून साल सोललेली झाडं. चिखलाचा एक खड्डा आणि त्याचा तो वास! बुल त्यात लघवी करून लोळतो आणि तोच चिखल अंगावर मिरवतो. माद्यांना हे आवडतं म्हणे. (आपण उगाच ब्रँडेड परफ्यूमवर पैसे घालवतो.)

उजाडायला लागलं आणि खालच्या कुरणातून पहिली शिट्टी आली. पाठोपाठ पलीकडच्या उतारावरून दुसरी. काही शिकारी नळी तोंडाला लावून तशीच शिट्टी वाजवतात. दादानं वाजवली नाही. एकतर बुल सावध होतो. शिवाय सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणवाल्यांचा सीझन सुरू असतो, त्यांची मेहनत का वाया घालवायची?

सगळ्यात भारी, म्हणून कट!

आणि मग तो दिसला. दरीच्या पलीकडे, गवतात चरणाऱ्या पंधरा-सोळा माद्यांच्या मागे. दोन्ही शिंगांना सहा-सहा टोकं. मान लांब करून तो ओरडला तेव्हा तोंडातून वाफ निघाली, आणि आवाज आमच्यापर्यंत क्षणभरानं पोचला. मी दुर्बीण सोडायलाच तयार नव्हते.

दादानं वहीत वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली, कळप कुठल्या वाटेनं झाडीत शिरला ते लिहिलं. मग नकाशावर त्या दरीवर चक्क फुली मारली!

‘‘अरे, हाच तर सगळ्यात भारी होता ना?’’

‘‘होता. पण तिथे पाडला तर मांस पाठीवरून वर आणायला चार-पाच खेपा. एकेक खेप तीन तासांची. ऑक्टोबरमध्येही दुपारी ऊन तापतं. शेवटच्या खेपेपर्यंत मांस खराब झालं तर? जे घरी आणता येणार नाही ते मारायचं नाही.’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाटत होतं, स्काउटिंग म्हणजे कुणाला मारायचं ते ठरवणं. प्रत्यक्षात कुठे आणि कधी मारायचं नाही, हेच त्यात जास्त ठरतं.

आणखी एक गंमत म्हणजे रटमध्ये दिसलेला बुल ऑक्टोबरच्या मध्यात तिथेच भेटेल याची गॅरंटी नाही. हंगाम ओसरला की दमलेले मोठे बुल माद्यांना सोडून दाट, अवघड झाडीत दडी मारतात. त्यामुळे आता दिसतं ते ‘कोण आहे’ एवढंच. ‘कुठे जाईल’ ते नकाशावर पाणी, चारा आणि आडोसा शोधून ताडायचं.

उतरताना मी शेवटी विचारलंच, ‘‘इतका वेळ बघितल्यावर मारवतं तुला?’’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘दरवेळी जड जातं. ज्या दिवशी सोपं वाटेल त्या दिवशी थांबेन.’’

माझं मत? बंदूक मी अजूनही धरणार नाही. पण भांडण मात्र तिथेच संपलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीनं एल्क जवळपास संपले होते. आज एकट्या कोलोरॅडोत ते अडीच लाखांहून जास्त आहेत. यात नियमांचा वाटा मोठा, आणि शिकाऱ्यांच्या पैशाचाही. लायसन्सची फी आणि बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या कामाला जातो.

ऑक्टोबरमध्ये दादाचा फोन आला. पाच दिवसांत एकच बुल टप्प्यात आला होता, पण त्याच्या बरोबर मागे दोन माद्या उभ्या होत्या. गोळी आरपार गेली तर? त्यानं ट्रिगर दाबलाच नाही. मोकळ्या हातांनी घरी आला. हे कळल्यावर मावशीनं काय केलं माहितेय? त्याचा पुढचा फोन पहिल्या रिंगला उचलला!

बिनबंदुकीचं स्काउटिंग

• एस्टेस पार्क, कोलोरॅडो : डेन्व्हरहून दीड-दोन तास. इथे एल्क गावातल्या रस्त्यावरही फिरतात. शेजारच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये शिकारीला बंदी. इथले एल्क १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून आणून सोडलेल्यांचे वंशज.

• अंतर ठेवा : किमान ७५ फूट. माजावरचा बुल सेल्फीसाठी थांबत नाही! पार्कमध्ये नकली शिट्टी वाजवणं बेकायदा.

• व्हिसा नाही? श्रीनगरजवळचं दाचीगाम गाठा. एल्कचा जवळचा नातलग असलेला हंगूल तिथे शरद ऋतूत असाच साद घालतो. मात्र संख्या जेमतेम काहीशे, त्यामुळे आवाज खाली!